पंचगंगेच्या पाण्याच्या थेट नोंदी: २०२४ च्या पावसाळ्याची कामवही

१५ जून २०२४

काम ठरलं. कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पाणीपातळी, राधानगरी धरणाचा विसर्ग आणि बंद झालेले रस्ते, हे सगळं इंटरनेटवरच्या एका पानावर घडेल तसं लिहीत जायचं. पुढं कुणाला आपल्या नदीसाठी हेच करायचं झालं तर उपयोगी पडावं म्हणून कामाची ही वही वेगळी ठेवतोय.

२०१९ ला बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. दोन्ही वेळा माहितीचा तुटवडा नव्हता. उलट फोन हातात घ्यायची भीती वाटावी इतकी माहिती येत होती. पण ग्रुपवर पडलेला "४४ फूट" हा आकडा आत्ताचा की काल रात्रीचा, हे कळायला मार्ग नव्हता. शाहूपुरीत आम्ही कालच्या आकड्यावर निवांत बसलो आणि पाणी दारात आल्यावर तिजोरी उचलायला माणसं शोधली. त्यामुळं यंदा एकच नियम पक्का: आकडा नंतर, वेळ आधी.

चौघं आहोत. मी शाहूपुरीत, संगणक दुरुस्तीचं दुकान. एक मित्र कसबा बावड्यातला, बंधाऱ्याच्या जवळचा. एक प्रयाग चिखलीतला, दूध संकलनावर काम करतो, पहाटे साडेतीनपासून जागा. चौथी माझी धाकटी बहीण, पुण्यात सिंहगड रोडला राहते. तिला मुद्दाम घेतलंय. कोल्हापुरात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं तर पान चालू ठेवायला कुणीतरी कोरड्यात बसलेलं हवं.

२३ जून

आठवडा वाया गेला, पण आता गेला ते बरं. एक फुकटातला तयार साचा घेऊन पान बनवलं होतं. दिसायला झकास: वर नदीचा फोटो, बाजूला नकाशा, खाली सरकणारी पट्टी. बावड्यातल्या मित्रानं फोनचं नेटवर्क जुन्या टूजीवर टाकून ते उघडून बघितलं. चहा करून, पिऊन, कप धुवून झाला तरी नकाशा उघडला नव्हता. पुरात मनोरे बॅटरीवर चालतात आणि अर्धा जिल्हा एकाच वेळी फोन लावत असतो, तेव्हा आपल्या वाट्याला असलंच नेटवर्क येणार.

सगळं काढून टाकलं. आता नुसता मजकूर, पांढऱ्यावर काळा. सगळ्यात ताजी नोंद सगळ्यात वर. फोटो नाही, नकाशा नाही, फाँटसुद्धा फोनमधलाच. पानाचं वजन तीस केबीच्या आत आलं. बहीण म्हणाली, "दादा, हे रेशनच्या यादीसारखं दिसतंय." दिसू दे.

पानाचा इंटरनेटवरचा पत्ता विकत घेतला, वर्षाचे ८९९ रुपये. पान ठेवायला सर्व्हरवरची जागा भाड्यानं, महिन्याला २५०.

७ जुलै

आज रंगीत तालीम. नदी शांत आहे, म्हणून २०२१ च्या पुरातले जुने आकडे आणि बातम्या काढल्या आणि त्या त्या वेळेला एकमेकांना फोनवर पाठवायच्या, असा खेळ दिवसभर केला.

पहिल्या दोन तासांतच कळलं की माहिती गोळा करणारा आणि लिहिणारा एकच माणूस असून चालत नाही. फोनवर बोलत बोलत मी "पाणी वाढतंय" असं लिहून टाकलं, आकडाच नाही. लिहिणाऱ्याला फोन यायलाच नकोत. आता अशी विभागणी: बावडा आणि चिखली गोळा करणार, मी लिहिणार, बहीण प्रत्येक नोंद टाकण्याआधी वाचणार आणि शंका आली तर "नाही" म्हणणार. तिनं नाही म्हटलं की वाद घालायचा नाही, हेही ठरलं. भावंडांत हे जड जातं.

नोंदीचा साचा असा ठरला: वाचनाची (म्हणजे पातळी मोजल्याची) वेळ, ठिकाण, आकडा, मागच्या वाचनापेक्षा किती इंच कमी-जास्त, कुठून कळलं. "कुठून" मध्ये तीनच शब्द चालतील: "प्रशासन", "आम्ही पाहिलं", "लोकांनी सांगितलं". तिसऱ्या प्रकारातली गोष्ट दोन वेगवेगळ्या माणसांकडून आल्याशिवाय टाकायची नाही.

"वाचनाची वेळ" मुद्दाम म्हणतोय. नियंत्रण कक्षाचं सकाळी सातचं वाचन आपल्या हातात पावणेआठला येतं, आपण ते आठला टाकतो. पानावर आठ दिसलं तर माणूस समजतो की आठला एवढं पाणी आहे. चढत्या पाण्यात तासाभरात दोन-तीन इंचांचा फरक पडतो आणि दोन-तीन इंच म्हणजे काय ते उंबऱ्याला विचारावं.

१६ जुलै

"कितीला कुठं" ही यादी केली. बंधाऱ्यावर इतके फूट झाले की कुठल्या गल्लीत पाणी येतं, हे कोल्हापुरात जुन्या माणसांच्या तोंडावर असतं. सुतारवाडा, जामदार क्लब, शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, व्हीनस कॉर्नर असं फिरलो. सुतारवाड्यातल्या एका आजींनी भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या तीन रेघा दाखवल्या, पेन्सिलीनं तारखेसकट. सरकारी कागदात असं काही मिळत नाही.

इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे सगळ्यांना पाठ असतं. पण माणसाला हवं असतं ते आपल्या पायरीचं. यादी पानाच्या तळाशी टाकली, वर ठळक लिहिलं की हे लोकांच्या आठवणीतून आहे. गटार तुंबलं किंवा नवा भराव पडला असेल तर पाणी आधीही येईल. गेल्या काही वर्षांत भराव किती पडलेत ते इथं लिहीत बसत नाही, वही संपेल.

२३ जुलै

पाऊस थांबायला तयार नाही. इशारा पातळी मागं पडली. खऱ्या नोंदी सुरू.

पहिलीच मोठी अडचण पावसाची नाही, संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्याची (स्प्रेडशीटची) निघाली. आम्ही पातळी पूर्णांक आणि टिंब अशी लिहीत होतो, जशी सगळे लिहितात: ४१ फूट ९ इंच म्हणजे ४१.९. त्याच्यानंतर एक इंच वाढलं की ४१ फूट १० इंच, म्हणून ४१.१०. तक्ता म्हणतो शेवटच्या शून्याला किंमत नाही, आणि ते ४१.१ करून टाकतो. म्हणजे एक इंच चढलेलं पाणी आठ इंच उतरलेलं दिसतं. पानावरचा "मागच्यापेक्षा" हा रकाना तक्त्यातून आपोआप येत होता. रात्री त्यात "८ इंच घट" असं आलं आणि बहिणीनं वाचलं म्हणून ते अडलं. मी लिहिण्याच्या भरात पुढं गेलो होतो.

उपाय सोपा. फूट आणि इंच दोन वेगळे रकाने, आणि तिसऱ्यात सगळे इंच. ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६. वजाबाकी फक्त तिसऱ्या रकान्यात. पानावर लोकांना फूट-इंचच दिसतात. ज्या कुणाला हे करायचंय त्यानं बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं. आमची आधीची सगळी वाचनं हातानं पुन्हा भरण्यात रात्रीचा एक वाजला.

२५ जुलै, गुरुवार

राधानगरी भरलं, स्वयंचलित दरवाजा उघडला. फोन वेडे झाले.

इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण आमची सगळ्यात जास्त शक्ती याच गोष्टीवर गेली. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब आला की उघडतात, कमी झाला की बंद होतात. कुणी कळ फिरवत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. शिवाय वीजगृहातून १५०० क्युसेक. म्हणजे एक दरवाजा उघडा असेल तर २९२८, दोन असतील तर ४३५६, साती उघडले तर ११,४९६. हा पाढा पानावर कायमचा टाकला, कारण कुणीतरी "एक लाख क्युसेक सोडलं" असं पाठवलं आणि ते आमच्या पानापेक्षा कितीतरी जोरात पळालं.

दुसरी समजूत अशी की दरवाजा उघडला म्हणजे आता तासाभरात शिवाजी पुलाखाली पाणी. ते पाणी भोगावतीतून येतं आणि शहरापर्यंत पोचायला बरेच तास घेतं. शिवाय पंचगंगेला कासारी, कुंभी, तुळशी या नद्याही आहेत. त्यांच्या खोऱ्यात किती पडलं यावरही पाणी ठरतं. आम्ही अंदाज सांगत नाही, पण "दरवाजा उघडला" ही नोंद नुसती सोडली तर ती स्वतःच अफवेचं काम करते. म्हणून तिच्याखाली एक ओळ जोडली: हे पाणी शहरात यायला वेळ लागतो, बंधाऱ्यावरचं पुढचं वाचन अमुक वाजता. त्यानंतर फोन निम्मे झाले.

एक म्हातारे गृहस्थ मात्र शेवटपर्यंत फुटात बोलले नाहीत. दर फोनला एकच प्रश्न, "मच्छिंद्री झाली काय रे?" मच्छिंद्री ही शिवाजी पुलावरची पुराच्या पाण्याची जुनी खूण. त्यांना पुलाकडं बघूनच पाणी कळतं. शेवटी चिखलीच्या मित्राला सांगितलं, पुलावरनं गेलास की यांना एक फोन करत जा.

दुपारी अस्सल विनोद झाला. बहिणीला आम्ही कोरड्यात ठेवली होती. आज पहाटे खडकवासल्याचं पाणी मुठेत आलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. तिची इमारत उंचावर आहे, पण वीज गेली, फोन बारा टक्क्यांवर. ती आमच्या पुराच्या नोंदी तपासायच्या सोडून शेजाऱ्यांच्या गाड्या बाहेर काढत होती, आणि ते बरोबरच होतं. घाटावर एकच पाऊस पडत असतो. तो कोल्हापूर वेगळं आणि पुणं वेगळं असं बघत नाही. राखीव माणूस दुसऱ्या गावाला असून भागत नाही, दुसऱ्या पावसात हवा.

चार तास नोंदी न तपासता गेल्या. संध्याकाळी दुबईतल्या आतेभावाला गळ घातली. तो कामावरनं सुटून बसला.

२६ जुलै

धोका पातळी ओलांडून झाली आहे.

आतेभावानं रात्रभर चांगलं सांभाळलं, पण सकाळी बघतो तर त्यानं टाकलेल्या नोंदी क्रमानं उलट्यासुलट्या. पान नोंदीला वेळ फोनमधून घेत होतं, आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. त्यामुळं त्यानं साडेदहाला टाकलेली नोंद माझ्या साडेनऊच्या नोंदीखाली जाऊन बसली. वाचनाची वेळ मजकुरात हातानं लिहिलेली होती म्हणून कुणाची दिशाभूल झाली नाही. पान आता सगळ्यांसाठी भारतीय वेळेला बांधलं. अर्ध्या तासाचं काम, पण पुराच्या मध्यावर करावं लागलं.

सकाळी व्हिडिओ आला: शिरोलीजवळ हायवेवर कंबरभर पाणी, ट्रकची रांग. पाठवणारा आमच्याच ओळखीचा, आणि खाली "आत्ताच". तो भाग २०१९ ला आणि २०२१ ला खरोखर बुडला होता, त्यामुळं अविश्वास दाखवायला जीव होत नाही. त्या पट्ट्यातल्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भावा, गाड्या चालल्यात की. मी चहा विकायलोय." व्हिडिओत एका दुकानाची जुनी पाटी दिसत होती, ती मधल्या काळात बदलली होती. २०१९ चा निघाला.

आम्ही आधी असं करायचो की अफवा खोटी ठरली की काहीच लिहायचं नाही. आज बदललं. "सकाळी ९.२०, शिरोली, हायवेवर वाहनं चालू आहेत, तिथल्या दोन व्यावसायिकांनी सांगितलं." खोट्या व्हिडिओचं नाव काढायचं नाही, त्याचं वर्णन करायचं नाही, फक्त खरं काय ते वेळेसकट. वर्णन केलं की ज्यांनी तो पाहिलाच नव्हता तेही शोधायला लागतात.

२७ जुलै, शनिवार

बंधाऱ्यावर ४७ फुटांच्या पुढं.

आजचं नुकसान आमच्याच हौसेनं केलेलं. बावड्याच्या मित्रानं परवा आकड्याचं एक सुंदर कार्ड बनवलं होतं, निळ्या रंगात, मधोमध मोठा आकडा, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ. लोकांना आवडलं, स्टेटसला ठेवलं, पुढं पाठवलं. आज दुपारी सुतारवाड्याच्या बाजूच्या एका काकींनी तेच कार्ड दाखवून मला विचारलं, "एवढंच हाय न्हवं? मग कशाला सामान काढायचं?" कार्ड गुरुवारचं होतं. कोपरा कापला गेला होता.

म्हणजे जो रोग बरा करायला निघालो तोच आम्ही छापून वाटला. कार्डं बंद. आता फक्त मजकूर, आणि मजकुराचा पहिला शब्दच वार आणि वेळ: "शनिवार दुपारी २ चं वाचन". आकडा त्यानंतर. मागचा भाग कुणी कापला तर आकडा जातो, वेळ राहते. वेळ नसलेला आकडा फिरण्यापेक्षा ते परवडलं.

दुरुस्त्यांचंही ठरवलं. एका नोंदीत रस्त्याचं नाव चुकलं होतं, मी गुपचूप सुधारलं. तोवर जुना मजकूर तीन ग्रुपवर गेलेला. आता नोंद पुसायची नाही. तिच्यावर "दुरुस्ती" असं लिहून नवी नोंद वर टाकायची, वेळेसकट. दिसायला वाईट दिसतं. पण माणूस दोन मजकूर ताडून बघू शकतो.

चिखली आणि आंबेवाडीतून लोक हलवले जाताना फोटो भरपूर आले. एकही टाकला नाही. कारण फक्त पानाचं वजन नाही. कुठल्या गल्लीतली घरं रिकामी झाली हे जगाला सांगायचं नसतं. २०१९ ला बंद घरांत चोऱ्या झाल्याच्या तक्रारी आम्ही ऐकल्यात. आणि ट्रॅक्टरमध्ये म्हशीशेजारी बसलेल्या बाईला आपला फोटो नको असतो. "गावातून स्थलांतर सुरू" एवढंच लिहिलं.

२८ जुलै

रात्रीच्या शांततेचा प्रश्न. दोन ते पाच वाचन येत नाही. त्या वेळात पान जसंच्या तसं दिसतं आणि लोक दोन अर्थ काढतात: पाणी स्थिर झालं, किंवा ही पोरं झोपली. दुसरं अर्धं खरं होतं. आता प्रत्येक नोंदीच्या शेवटी "पुढची नोंद साधारण अमुक वाजता" हे लिहितोय, आणि त्या वेळेला आकडा आला नसेल तर "आकडा आलेला नाही" अशी नोंद टाकतोय. काही नाही हेही सांगावं लागतं.

वीज सहा तास नव्हती. दुकानातल्या जुन्या इन्व्हर्टरनं चार तास काढले. दोन पॉवरबँकांपैकी नवीन, स्वस्तातली, दोन फोन चार्ज करून बसली. जुनी अजून धावतेय.

३० जुलै

पाणी इंचाइंचानं उतरतंय. पानावर येणारे लोक कमी होतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. चढताना माणूस एकदा सामान उचलतो आणि बघतो. उतरताना घरी कधी जायचं, गोठा कधी धुवायचा, याची दर तासाला चौकशी.

इथं आमची मर्यादा उघडी पडली. शिरोळ तालुक्यातून फोन यायला लागले: तुमच्या पानावर घट दिसते, आमच्याकडं तर वाढतंय. दोन्ही खरं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा कुरुंदवाडच्या माणसाच्या कामाचा नाही. त्याला सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडा आणि कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग लागतो. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका ४५, म्हणजे आमचे ३९ आणि ४३ त्याला लावले तर घोटाळा.

पानाचे दोन भाग केले, "करवीर आणि शहर" आणि "शिरोळ". पण दुसऱ्या भागात आम्ही फक्त प्रशासनाचे आकडे टाकू शकलो. "आम्ही पाहिलं" म्हणायला तिथं आमचं कुणी नव्हतं. रस्त्यांच्या बाबतीत तर पार उघडे पडलो. शिरोळमधले पूल कधी खुले झाले ते आम्हाला आमच्या वाचकांनी सांगितलं.

११ ऑगस्ट

हिशेब. पत्ता ८९९, जागा दोन महिन्यांचे ५००, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं रिचार्जसह ७००, पॉवरबँक ६५० (फुकट गेले), इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी आणि दुरुस्ती ४००. एकूण ३,१४९. दुकान बंद राहिलं त्याचा हिशेब यात धरला नाही. पाण्यामुळं ते तसंही बंदच होतं. लिहिण्याचं काम चढत्या पाण्यात दिवसाला सोळा-सतरा तास जातं. एकट्यानं करू नये, आणि तिघांनी केलं तरी एकाला झोपवावं.

बदलायचं राहिलेलं: "कितीला कुठं" यादी यंदाच्या पाण्याशी ताडून बघितली, दुधाळीची ओळ चुकीची आहे. तिथं यादीपेक्षा आधी पाणी आलं. पुन्हा जाऊन विचारायला हवं. बहिणीच्या जागी यंदासारखा दुबईचा आतेभाऊच राखीव राहील. बहीण तपासणीलाच हवी, तिचं "नाही" सगळ्यात उपयोगी पडलं.

तक्त्याची कोरी प्रत, इंचांच्या सूत्रासकट, मागेल त्याला देऊ. पुढच्या जूनच्या आधी नृसिंहवाडी किंवा कुरुंदवाडचा, घाट जवळ असलेला आणि पहाटे उठणारा एक माणूस हवाय. दूध घालणारा असेल तर सगळ्यात बरं.